पडदा आधी, प्रोजेक्टर नंतर

प्रश्न : आमची खोली १० बाय १४ फुटांची आहे. प्रोजेक्टरसाठी पडदा केवढा घ्यावा आणि प्रोजेक्टर कुठे बसवावा?

उत्तर : १० फुटी भिंतीवर १०० इंची पडदा छान बसेल. हे माप तिरक्या कर्णाचे. १६:९ प्रमाणात त्याची रुंदी साधारण सव्वासात फूट भरते. बसायची जागा नऊ-दहा फुटांवर ठेवा.

प्रोजेक्टर घेण्यापूर्वी माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नक्की पाहा. पडद्याची रुंदी गुणिले थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचे अंतर. रेशो १.५ असेल तर सुमारे ११ फूट. तुमच्या खोलीत ते जमते. २ असेल तर साडेचौदा फूट लागतील, म्हणजे तो प्रोजेक्टर तुमच्यासाठी नाहीच. छताला भोक पाडण्याआधी स्टुलावर ठेवून चित्र पाहा. लेन्स पडद्याच्या मध्यरेषेत हवी. बाजूला बसवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करू नका, त्यात पिक्सेल वाया जातात, तीक्ष्णपणा हरवतो.

पडदा साधा मॅट पांढरा, गेन (प्रकाश परतवण्याचे प्रमाण) १ चा पुरे. पैसे उरले तर आधी खिडक्यांना जाड, गडद पडदे लावा. प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. खोलीतला अंधारच काळा दिसतो.