शेतकऱ्यांची अंगदुखी आणि भौतिकोपचार

बैलाच्या खांद्यास सूज आलेली दिसताच जाणता शेतकरी त्याला जू लावीत नाही. स्वतःची कंबर वा गुडघा दुखू लागला म्हणजे मात्र "सुगी होऊ द्या, मग पाहू" असे तोच म्हणतो. भातलावणी, खुरपणी, ऊसतोडणी या कामांत तासन्‌तास वाकून किंवा उकिडवे बसून राहावे लागते. त्यामुळे स्नायू व सांधे यांवर सतत ताण पडतो. दुखणे अंगावर काढल्यास ते जुनाट होते आणि ऐन हंगामात घरातील कर्ता माणूस कामास मुकतो.

भौतिकोपचार म्हणजे काय?

भौतिकोपचार म्हणजे केवळ तेल लावून चोळणे नव्हे. भौतिकोपचारतज्ज्ञ सांध्याची हालचाल व स्नायूंची शक्ती तपासतो, योग्य व्यायाम शिकवितो आणि काम करताना शरीर कसे ठेवावे हे दाखवितो. साध्या कंबरदुखीत अनेक दिवस अंथरुणास खिळून राहणे हितावह नसते. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होऊ शकतो.

उपचार कोठे मिळतो?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे व पुढील उपचारासाठी चिठ्ठी मागावी. भौतिकोपचाराची सोय सामान्यतः जिल्हा रुग्णालयात व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. विभाग कोणत्या वारी व वेळी चालू असतो, याची चौकशी आशा सेविकेमार्फत आधीच करावी, म्हणजे एस. टी. चे भाडे व दिवसाची मजुरी वाया जाणार नाही.

तज्ज्ञास काय सांगावे?

१. दुखणे कधीपासून आहे व कोणत्या कामाने वाढते.
२. ते काम प्रत्यक्ष कसे करता, हे करून दाखवावे.
३. रोज येणे शक्य नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. घरी करावयाचे व्यायाम शिकून घ्यावेत, ते कागदावर लिहून घ्यावेत आणि पुन्हा केव्हा यावे हे विचारावे.

दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडू नये. स्नायूंस बळ येण्यास काही आठवडे लागतात. उपचाराचा खरा लाभ घरच्या नियमित व्यायामानेच होतो.

विलंब केव्हा करू नये?

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, दुखण्यासोबत ताप येणे, सांधा एकाएकी लाल व गरम होऊन सुजणे, किंवा झाडावरून वा बैलगाडीतून पडल्यावर तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम वा मालीश न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णास हाडवैदाकडे नेऊन वेळ दवडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या सभेत ही माहिती द्यावी. सभेस स्त्रिया आवर्जून बोलवाव्यात; कारण लावणी व खुरपणीचा बहुतांश भार त्यांच्यावर असतो आणि आपले दुखणे त्या सहसा बोलून दाखवीत नाहीत. लांब दांड्याचे कोळपे वापरणे, वाकून करावयाचे काम आलटून पालटून करणे व मधून मधून पाठ ताठ करणे, हे उपायही त्यांना करून दाखवावेत.