घरचा कुत्रा, गल्लीतला कुत्रा : शहरातील नियम आणि रेबीजपासून संरक्षण

श्वानदंशानंतर दवाखान्यात आलेले नागरिक पुष्कळदा पहिले वाक्य हेच उच्चारतात : "पण तो आमच्या घरचाच कुत्रा आहे." लसीकरण कक्षात परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की प्रस्तुत पाठाचा आरंभ त्यापासूनच करणे योग्य वाटते. रेबीजच्या विषाणूला मालकीचा भेद नसतो. घरातील कुत्र्याला लस टोचलेली नसेल आणि फाटकाबाहेर त्याची एखाद्या बाधित प्राण्याशी झटापट झाली असेल, तर तो घरचा असूनही धोकादायक ठरतो. दोन महिन्यांच्या गोजिरवाण्या पिल्लाचा दात लागला तर त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. पिल्लालाही रेबीज होतो, आणि त्या वयात त्याला बहुधा लस मिळालेली नसते.

आजाराचे स्वरूप

बाधित प्राण्याच्या लाळेतून विषाणू जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासास सामान्यतः एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवस, तर क्वचित वर्षाहून अधिक काळही लागू शकतो. चावा चेहरा, मान किंवा हाताच्या बोटांवर असेल तर हा अवधी कमी होण्याची शक्यता असते. पाण्याची भीती, घशाचे आचके यांसारखी लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार पूर्ण झाले, तर हा आजार टाळता येतो.

भारतात माणसाला रेबीज होण्याचे प्रमुख कारण श्वानदंश हेच आहे. तथापि मांजर, माकड, मुंगूस व कोल्हा यांच्या चाव्याकडेही दुर्लक्ष करू नये.

कुत्रा पाळणाऱ्यांची कर्तव्ये

पाळीव कुत्र्याची नोंदणी हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा विषय असल्याने शुल्क, मुदत आणि अर्जाची पद्धत शहरागणिक बदलते. उदाहरणार्थ, दिल्लीत महानगरपालिका अधिनियम, 1957 च्या कलम 399 अन्वये कुत्र्यांची नोंदणी व नियंत्रण यांची तरतूद आहे. आपल्या शहरातील नियम महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. परवान्यासाठी सामान्यतः रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले जाते. अनेकांना हा केवळ कागदी सोपस्कार वाटतो. प्रत्यक्षात चाव्याची घटना घडते तेव्हा कुत्रा कोणाचा आणि त्याला लस केव्हा दिली, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावरून मिळतात.

पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्यकाकडून पहिली मात्रा, त्यानंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक मात्रा द्यावी. मांजरालाही लस आवश्यक आहे. ते बहुतेक घरांत राहूनच जाते. कुत्र्याला बाहेर नेताना पट्टा हाती असावा आणि त्याची विष्ठा मालकाने स्वतः उचलावी. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 अन्वये दंडनीय अपराध आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

रस्त्यावरील कुत्रे

पशुजन्म नियंत्रण नियम, 2023 अन्वये भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. ज्याच्या कानाला खाच दिलेली दिसते, त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार नसबंदी, जंतनाशन व लसीकरण झालेले कुत्रे पुन्हा त्यांच्या भागात सोडावयाचे आहेत. रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडावयाचे नाही. कुठेही रस्त्यावर अन्न टाकण्यास त्याच आदेशाने मनाई असून ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालावे. नोव्हेंबर 2025 मध्ये रुग्णालये, शाळा, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांसाठी न्यायालयाने अधिक कठोर निर्देश दिले.

कुत्र्यांना विष घालणे किंवा मारहाण करून हाकलणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने आजारही आटोक्यात येत नाही. लस दिलेले कुत्रे नाहीसे झाले की त्यांच्या जागी लस नसलेले येतात. एखाद्या भागातील सुमारे 70 टक्के कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने झाले, तर त्यांच्यातील रेबीजची साखळी तुटते. गोव्यात घरोघरी व रस्तोरस्ती कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि संशयित प्राण्यांवर देखरेख असे काम अनेक वर्षे चालले. 2021 मध्ये तेथील शासनाने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले.

चावा किंवा ओरखडा झाल्यास

सर्वप्रथम जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, कारण दोन मिनिटेही पंधरा वाटतात. त्यानंतर उपलब्ध असेल ते जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. टाके घालणे शक्यतो टाळले जाते. त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. त्वचा न फाटता केवळ चाटले असेल तर लसीची गरज नसते. रक्त न येता ओरखडा उमटला असेल तर लस द्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला अथवा डोळे व तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली असेल, तर लसीसोबत जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. हे दुसरे औषध पुष्कळांना ठाऊक नसते. डॉक्टरांना त्याविषयी आवर्जून विचारावे.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने आजही काही रुग्ण येण्याचे टाळतात. ती जुनी लस केव्हाच बाद झाली आहे. आता त्वचेत द्यावयाची लस दोन्ही दंडांवर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, म्हणजे चार भेटींत देतात; स्नायूत द्यावयाची असल्यास 14 व्या दिवशीही एक मात्रा असते. गर्भवती व स्तनदा मातांनाही ही लस सुरक्षितपणे देता येते. तिच्यासाठी कोणतेही पथ्य नाही.

कुत्रा किंवा मांजर ओळखीचे असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. प्राणी निरोगी राहिल्यास पुढील मात्रांचा निर्णय डॉक्टर घेतील. सातव्या दिवसानंतर जखम भरलेली असते, कामाचा खाडा परवडत नाही, आणि शेवटची मात्रा राहून जाते. ती घरातील कोणीतरी लक्षात ठेवावी.

मुले ओरखडा लपवतात. "कुत्र्याच्या वाटेला गेलासच कशाला?" हा ओरडा त्यांना चाव्याहून भयंकर वाटतो. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना किंवा कुत्री पिल्लांजवळ असताना जवळ जाऊ नये, हे मुलांना अवश्य शिकवावे. पण चावा झाल्याचे सांगायला आलेल्या मुलाला रागावू नये. आधी नळ सोडावा.

लसीकरणाचे कार्ड शिधापत्रिकेसोबत जपून ठेवावे. पूर्ण उपचार झालेल्या व्यक्तीला पुन्हा चावा झाल्यास 0 आणि 3 या दिवशी दोनच मात्रा पुरेशा होतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मात्र पूर्वीचे उपचार पूर्ण झाल्याचा पुरावा दाखवावा लागतो.