चाळीस मुलं, चाळीस मिनिटं

चि. मृण्मयी हिस,


बंगळुरूच्या प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. पहिली ते पाचवीला स्वतंत्र क्रीडाशिक्षक मिळणं सोपं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मैदान आणि खेळाचं साहित्य सक्तीचं केलं. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक मात्र सहावी ते आठवीपुरताच, तोही शंभरावर मुलं असतील तर. धावणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं अंगात मुरतं ते त्याआधीच्या वयात.

पीटीचा तास बहुतेक ठिकाणी कसा जातो? चाळीस मुलं, दहा-दहाच्या चार रांगा. शिट्टी वाजली की प्रत्येक रांगेतला एक धावतो, नऊ जण उभे. चाळीस मिनिटांच्या तासात एकेका मुलाच्या वाट्याला फार तर चार मिनिटं येतात. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान साठ मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तास कसा झाला हे बघायचं असेल, तर एका मुलावर नजर ठेव आणि तो किती मिनिटं हलला ते घड्याळावर मोज. तेही सर्वांत चपळ मुलावर नको, कडेला रेंगाळणाऱ्यावर.

हाच मुलगा पकडापकडीत पहिला बाद होतो आणि उरलेला खेळ बसून बघतो. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी सराव! विषामृतात असं होत नाही. अमृत मिळालं की तो पुन्हा पळू लागतो. तुझी मुलं त्यालाच ‘लॉक अँड की’ म्हणत असतील. खो-खो आपल्या मातीतला, पण त्यात आठ जण बसलेले असतात. नियम पाळून खेळवायचा तो मोठ्या वर्गांना. लहानांसाठी लंगडी, साखळी, दोरीउड्या घे. कुंटेबिल्ले, म्हणजे आपली ठिकरी, खेळायला खडूने दहा आराखडे आख.

जागा अपुरी आहे, असं लिहिलंस. तुझ्याच शहरातल्या मल्लेश्वरमच्या कॅनरा युनियनचं सभागृह लग्नकार्यांचं होतं. लग्न असलं की खेळ बंद असायचा. तिथेच रमेश पदुकोण यांनी आपल्या मुलाला, प्रकाशला, बॅडमिंटन शिकवलं आणि १९८०मध्ये त्याने ऑल इंग्लंड जिंकली. चँपियन घडवणं हे तुझं काम नव्हे, पण आखीव मैदानाची वाट बघत बसू नकोस.

मोजमापही वयाला धरून हवं. खेलो इंडियाच्या चाचणीत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणं आणि हाताने चकत्यांना आलटूनपालटून स्पर्श करणं आहे. ६०० मीटर धावणं नवव्या वर्षापासून. वर्गासमोर आकडे वाचून दाखवू नकोस. प्रत्येक मुलाला त्याचा मागचा आकडा तेवढा सांग.

आणि गणिताच्या बाई तास मागायला येतील. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेद ठेवलेला नाही, हे मुख्याध्यापिकांच्या कानावर आताच घाल. परीक्षा तोंडावर आल्यावर कुणी ऐकत नाही.

तुझा,
मामा