पिचरच्या हाताचा हिशेब ठेवा

शालेय स्पर्धांचा मोसम आला की पुण्यातल्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघांची धावपळ सुरू होते. जिल्हास्तर, मग विभाग, मग राज्य. पुष्कळदा प्रत्येक सामन्याचा भार एकाच भरवशाच्या पिचरवर येतो आणि संध्याकाळी तोच मुलगा क्रिकेटच्या नेटमध्ये गोलंदाजीही करतो. वाढत्या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक थर असतो. हाड तिथूनच वाढते आणि अतिताणाने आधी तिथेच दुखावते. म्हणून पालकांनी आणि प्रशिक्षकांनी एवढे सांभाळावे :

1. चेंडू मोजा. अमेरिकेत बेसबॉलसाठी ठरवलेली दिवसाची कमाल मर्यादा अशी : 9-10 वर्षे 75, 11-12 वर्षे 85, 13 ते 16 वर्षे 95. आकडा वहीत लिहा.

2. विश्रांती द्या. 14 वर्षांपर्यंतच्या मुलाने 21 ते 35 चेंडू टाकले तर 1 दिवस, 36 ते 50 ला 2, 51 ते 65 ला 3 आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर 4 दिवस पिचिंग बंद.

3. आधी अंग तापवा. धावून घाम येऊ द्या, मग जवळून हलके थ्रो करा आणि अंतर हळूहळू वाढवा.

4. दुहेरी काम टाळा. पिचिंग केलेल्या दिवशी त्याच मुलाला कॅचर करू नका, नेटमध्येही पाठवू नका.

5. वेगाआधी तंत्र शिकवा. जोर पायांतून आणि कमरेतून यावा. चेंडू वळवण्याची घाई नको.

6. मुलींचीही वही ठेवा. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो म्हणून तो सुरक्षित, हा गैरसमज आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला मोठा ताण येतो.

7. वर्षातून 4 महिने पिचिंग थांबवा, त्यातले 2 ते 3 सलग असावेत. वार्षिक परीक्षेचा काळ त्यासाठी सोयीचा.

8. दुखणे लपवू देऊ नका. कोपराची आतली बाजू किंवा खांदा दुखला, चेंडूचा वेग वा नेम अचानक घसरला, तर लगेच थांबवा. वेदनाशामक गोळी देऊन मैदानात उतरवू नका. विश्रांतीनंतरही दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरा पिचर तयार नसेल तर हे नियम अटीतटीच्या सामन्यात पाळले जात नाहीत. म्हणून प्रशिक्षकांनो, मोसम सुरू होण्याआधी निदान तीन पिचर घडवा. एकाचा हात वाचेल आणि आणखी दोघांना संधी मिळेल.