आधी उलटं करून बघा

विकायला काढलेलं खोगीर फारच चकाकत असेल, तर मी ते आधी उलटं करते. वरची बाजू स्वाराची, खालची घोड्याची, आणि विकणाऱ्याचं सगळं पॉलिश वरच्याच बाजूला खर्ची पडलेलं असतं. कमी पैशात जुनं खोगीर घेणाऱ्यांनी बैठकीवरचे ओरखडे, उडालेला रंग, कुणीतरी कोरलेली नावाची अक्षरं खुशाल चालवून घ्यावीत. उलट भाव पाडायला ती बरी पडतात. तडजोड करायची नाही ती तीन बाबतींत: आतला सांगाडा, तंगाचे पट्टे आणि घोड्याच्या पाठीला टेकणाऱ्या गाद्या.

पुण्यातल्या रायडिंग क्लबांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे बरेच दिसतात. माझ्या लेकीची घोडीही त्यातलीच, थरोब्रेड. या जातीचा दोन खांद्यांमधला उंचवटा चांगलाच वर आलेला असतो. नावाजलेलं परदेशी चामड्याचं खोगीर नवं घ्यायचं तर लाखाच्या पुढं जातं. तो विषयच नव्हता. ओळखीतून एक कानपुरी जुनं मिळालं. काळंभोर, तेल पाजलेलं, आणि ‘फार वापरलेलंच नाही हो’ हे पालुपद सोबत.

थोड्या दिवसांनी तंग आवळायला घेतला की घोडी कान मागं टाकायची, चावायला यायची. क्लबात सगळे म्हणाले, नखरे करतेय, रेसची आहे ना! घोडी सांभाळणाऱ्या सईसमामांना ते पटलं नव्हतं. एकदा रपेट संपल्यावर त्यांनी खोगीर उतरवलं आणि मला बोलावलं. “ताई, हे बघा. सगळी पाठ घामानं भिजलीय, आन् हितं तळहाताएवढं कोरडं.” मला वाटलं, कोरडं म्हणजे चांगलंच की. तर नाही. सगळीकडे घाम आणि मध्येच एक कोरडा ठिपका, म्हणजे तिथं इतका दाब पडतोय की कातडीला घाम सोडायलाही वाव मिळत नाही. पुढं त्या जागी पांढरे केस उगवले. ते गेले नाहीत.

कारागिराकडे गादी उसवली तेव्हा कळलं: पुढच्या कमानीशी सांगाडा एका बाजूनं तडकलेला, आणि वरून पत्र्याची पट्टी ठोकून दिलेली. सगळा भार त्या बाजूला कलत होता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “बघूनच घेतलंत ना?” जाणूनबुजून गळ्यात मारलं होतं हे उघड आहे, पण पट्टी ठोकलेली जागा गादीच्या आत होती, सिद्ध काय करणार?

यात कानपूरला बोल लावू नये. ब्रिटिशांनी १८६०च्या दशकात लष्करासाठी तिथं खोगीर-साजाचा कारखाना उभा केला, तेव्हापासून त्या गावाच्या हाताला हे काम आहे. तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण परदेशी जाणारा माल वेगळा आणि ‘कानपुरी’ म्हणून बाजारात कुणीही विकतो तो वेगळा.

सांगाडा उसवल्याशिवाय तपासता येतो. खोगिराची पुढची कमान आपल्या मांडीला टेकवा, मागची कड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा. किंचित लवचीकपणा जाणवला तर बिघडलं नाही, स्प्रिंगच्या सांगाड्याला तो असतोच. बैठकीच्या मधोमध आडवी घडी पडली किंवा आतून कुरकुर ऐकू आली तर खोगीर खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या. मग कमानीची दोन टोकं धरून आत दाबा, बाहेर ओढा. इथं मात्र तसूभरही हालचाल चालणार नाही. शेवटी मागून, घोड्याच्या शेपटीच्या बाजूनं बघा: दोन गाद्या सारख्या उंचीच्या आहेत का, मधली सरी सरळ जाते का. गाद्यांवरून तळवा फिरवा. लोकरीच्या गाठी लागल्या तर लोकर नव्यानं भरून घेता येते. तो खर्च भावात धरा, एवढंच.

तंगाचे पट्टे वाकवून बघावेत. चामड्याला बारीक भेगा, शिवणीचा सुटलेला दोरा, ताणून लांबट झालेली भोकं म्हणजे पट्टे बदलायला झाले. पट्टे तीन असतात. पहिला स्वतंत्र निवारीवर शिवलेला, बाकीचे दोन एकाच निवारीवर. म्हणून तंग बांधताना पहिला पट्टा आणि उरलेल्यांपैकी एक, असे दोन घ्यायचे, म्हणजे एक निवार तुटली तरी दुसरी धरते. भर रपेटीत ते तुटणं काय असतं हे मी दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत पाहिलंय.

मापाचं बघा. बैठकीचं माप पुढच्या बाजूच्या गोल खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, इंचात घेतात. मोठ्या माणसांना साधारण १७ किंवा १७.५ चालतं. पण हे आपलं माप झालं. घोड्याचं माप घ्यायला विजेची जाड वायर पुरते. खांद्याच्या हाडामागे ती पाठीवर आडवी दाबून बसवायची, आकार न बिघडवता उचलून पुठ्ठ्यावर गिरवायची आणि पुठ्ठा कापून सोबत न्यायचा. खोगीर बघायला घोडा नेता येत नाही, पुठ्ठा नेता येतो. घरी आणल्यावर स्वार बसवून कमान आणि उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जातात का, आणि मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागं जात नाही ना, हे बघायचंच. नमद्यावर नमदा घालून चुकीचं माप बरोबर होत नाही. घट्ट बूट जाड मोज्यांनी सैल होतो का? बजेट अगदीच आखडतं असेल तर विंटेकसारखं कृत्रिम धाग्याचं जुनं शोधा. पुढची लोखंडी कमान बदलून त्याची रुंदी कमी-जास्त करता येते, आणि आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशीची चामड्याइतकी धास्ती नसते.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा घोड्यांबरोबर साजाचीही दुकानं लागतात. गोंडे, घुंगरू, आरसे, सगळं देखणं. मिरवणुकीसाठी जरूर घ्या. रोजच्या रपेटीसाठी घेणार असाल तर रिकीब कशी अडकवलीय ते आधी पाहा. कायमच्या कडीत असेल तर नको. पडलेल्या स्वाराचा पाय अडकला, तर ओढ बसताच पट्टा मागं निसटायला हवा, नाहीतर घोडा त्याला फरफटत नेतो.

आता विकण्याचं. मुलं वाढतात, खोगीर लहान पडतं, म्हणून ही वेळ येतेच. विकण्याआधी तेलात बुचकळून काढू नका. जादा तेलानं चामडं लिबलिबीत होतं, शिवण कुजते, आणि जाणत्या गिऱ्हाइकाला संशय येतो तो वेगळाच. ओल्या फडक्यानं घाम-मळ पुसा, सावलीत वाळवा, खोगिराचा साबण लावा. फोटो खालच्या बाजूचेही द्या. कोणत्या अंगाच्या घोड्यावर ते बसत होतं हे सांगितलं की निम्मे फुकट फोन बंद होतात. चार दिवस वापरून बघायला द्यावं, पूर्ण पैसे अनामत घेऊन. रिकिबीच्या पट्ट्यांवर जुने मोजे चढवायला सांगा, म्हणजे चामड्यावर घासल्याच्या खुणा पडत नाहीत आणि परत आलं तर वाद होत नाही.

ते तडकलेलं खोगीर मागायला दोन-तीन जण आले होते. एक तर म्हणाला, हॉटेलात शोभेला टांगतो. मी त्याचे तंगाचे पट्टे मुळापासून कापले आणि मगच दिलं. शोभेच्या वस्तूही एक दिवस विकायला निघतात. रिकिबी मात्र काढून ठेवल्या. त्या उत्तम होत्या आणि वेगळ्या विकल्या की चांगला भाव येतो.