जुनी सायकल आणि दुखणारे हात



सुट्टी लागली की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये जिन्याखालच्या जुन्या सायकली बाहेर निघतात. ताईची सायकल धाकट्याला मिळते, तर कधी बाबांची कॉलेजातली हीरो रेंजर मुलाकडे येते. पंक्चर काढतो, तेलपाणी करतो. पण सायकल ज्याच्या मापाला लावलेली होती तो वेगळा आणि आता चालवणारा वेगळा, हे आपण विसरतो. आठवड्याभरात तक्रार येते, "हात दुखतात, बोटांना मुंग्या येतात." आणि सायकल परत जिन्याखाली जाते. खरं तर बऱ्याचदा एक पाना आणि अर्धा तास पुरतो.

हात का दुखतात?

सायकलवर शरीराचं वजन सीट, पॅडल आणि हँडल या तीन ठिकाणी वाटलं जातं. हँडल खूप खाली किंवा लांब असेल, किंवा सीटचं टोक पुढे झुकलेलं असेल, तर अंग पुढे घसरतं आणि हातांवर भार वाढतो. म्हणजे दुखतो हात, पण दोष अनेकदा सीटमध्ये असतो!

आधी मुलाला विचारा, मुंग्या कोणत्या बोटांना येतात? करंगळी आणि शेजारची अनामिका असेल, तर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जात असावी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल, तर मनगटाच्या मधून जाणारी मीडियन नस. मनगट वाकवून सतत ब्रेकवर बोटं ठेवली की तिच्यावर ताण येतो. आपल्या गर्दीच्या रस्त्यांवर आणि घाटकोपरच्या चढउतारांवर हे नेहमीचंच.

काय करावं? याच क्रमाने करा.

१. सीट जमिनीला समांतर करा.
२. सीटची उंची बघा. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. नवशिक्या मुलाची सीट मात्र पाय जमिनीला टेकतील इतकीच ठेवा.
३. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर आणा. जुन्या सायकलीत हँडलच्या दांडीवरचा बोल्ट थोडा सैल करून, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं की दांडी सुटते. दांडीवरच्या खुणेपेक्षा वर ओढू नका. खूण नसेल तर निदान अडीच-तीन इंच दांडी आत राहू द्या. रॉड ब्रेक असतील तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण ब्रेकही पुन्हा जुळवावे लागतात.
४. हात आणि मनगट एका रेषेत राहतील असे ब्रेकचे लिव्हर फिरवा.
५. कडक झालेल्या ग्रिप बदला. टायर दगडासारखा टणक नको. पेव्हर ब्लॉकचे सगळे हादरे तळव्यात येतात. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेतच हवा भरा.

शेवटी सगळे बोल्ट घट्ट करा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा. ते जागचं हलता कामा नये. मग सोसायटीच्या आवारातच चालवून बघा. कोपर किंचित वाकलेले हवेत.

वर्गात करता येणारा उपक्रम

घरातला वजनकाटा बाकावर ठेवा. मूल समोर स्टुलावर बसून दोन्ही तळवे काट्यावर टेकवेल. आकडा लिहा. आता काटा एक वीत पुढे सरकवा आणि पुन्हा लिहा. हात लांबवून, पुढे झुकून टेकलं की आकडा वाढतो. लांबच्या हँडलचं तसंच असतं. बल, वजन आणि चेतासंस्था असे तीन धडे एकाच तासिकेत होतात.

एक महत्त्वाची सूचना : सायकल बंद ठेवूनही मुंग्या जात नसतील, पेन धरताना किंवा शर्टाचं बटण लावताना बोटांत जोर वाटत नसेल, तर पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दाबलेल्या नसेकडे फार काळ दुर्लक्ष केलं तर हाताचे स्नायू अशक्त होऊ शकतात. मुलं असं दुखणं पटकन सांगत नाहीत, सायकल काढून घेतील अशी भीती वाटते. म्हणून आपणच विचारायचं.