जुन्या लॅपटॉपच्या शीतक भागांचा सुरक्षित पुनर्वापर

माण, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळी धूळ लॅपटॉपच्या पंख्यात साचते व यंत्र तापते. अशा वेळी त्याच बनावटीच्या जुन्या यंत्रातील पंखा शाळेस उपयोगी पडतो. मात्र निर्लेखन झाल्याखेरीज शासकीय यंत्र उघडू नये.

प्रथम वीजजोड काढून बॅटरी अलग करावी. ती फुगलेली असल्यास यंत्राला हात लावू नये. टोचल्यास ती पेट घेते. तांब्याच्या बंद उष्णतानलिकेत किंचित पाणी असते. तांब्याच्या मोहाने ती तापविल्यास वाफेच्या दाबाने फुटते. ती पंख्यासह अखंड काढावी. बसविताना जुना उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा.

उर्वरित भाग १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच सोपवावेत.